दुसऱ्या गळाला सत्तावन्न टक्के

दिगंबर खासनीस यांनी उभ्या आयुष्यात मासा तोंडात घातला नव्हता. खाणं दूरच, वाससुद्धा सोसत नसे. नारायण पेठेत राहत होते तेव्हा मासळीबाजारावरून जायची वेळ आली, तर नाकाला रुमाल लावून दोन चौकांचा वळसा घेत. असा हा माणूस सत्तरीकडे झुकल्यावर खराडीत, एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर, समुद्रातले मासे पकडायच्या गळांच्या जोडण्या बांधत बसायचा. समुद्र तिथून दीडशे किलोमीटर लांब. आपल्या तोडीची जोडणी पंचक्रोशीत कुणी बांधत नाही, असं ते स्वतःच म्हणत. पंचक्रोशीत दुसरं कुणी बांधतच नाही, हे त्यांना सांगायला कोणी गेलं नाही.

हे खूळ घरात आलं ते सलिलमुळे. सलिल त्यांचा एकुलता एक मुलगा, आयटीत. कंपनीने त्याला वर्षभर परदेशात एका समुद्रकाठच्या गावी पाठवलं होतं. बाकीचे तिथून चॉकलेटं आणि परफ्यूम घेऊन आले, हा मासे धरायची लांब काठी घेऊन आला. मग पंधरा दिवसांतून एका रविवारी पहाटे पाचला निघून, ताम्हिणी उतरून, श्रीवर्धनच्या अलीकडे एका खडकाळ टोकावर जायचं आणि दुपारी परत फिरायचं, असा त्याचा परिपाठ सुरू झाला.

दिगंबरपंत तेव्हा नुकतेच खराडीला राहायला आले होते. पत्नी आनंदीबाई गेल्या आणि पेठेतल्या दोन खोल्यांत भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा पोराकडे जावं, असं रावसाहेब नावाच्या त्यांच्या जुन्या मित्राने त्यांना जवळजवळ दम देऊन सांगितलं. आले खरे, पण इथे करायचं काय? चौदा इमारतींची सोसायटी, प्रत्येक माणूस कानात काहीतरी घालून चालणारा. सून मैत्री गुणाची होती. तीही नोकरी करायची, पण बाहेर पडताना रोज न चुकता “बाबा, येते हं” म्हणायची. त्यावर हे “हं” म्हणायचे. संभाषण संपलं.

एका रविवारी सलिल समुद्रावरून गुंत्याचा एक मोठा चेंडू घेऊन आला. तंगूस, म्हणजे ती नायलॉनची पारदर्शक दोरी, गळ, शिशाची वजनं, सगळं एकमेकांत अडकलेलं. तो कात्री शोधत होता. दिगंबरपंतांनी तो चेंडू त्याच्या हातातून काढून घेतला, चष्मा बदलला आणि पाऊण तासात एकही धागा न कापता सोडवून टेबलावर सरळ मांडून दिला. मग म्हणाले, “ही गाठ कुणी मारली? गाढवाने?”

“मी,” सलिल म्हणाला.

“तेच विचारलं.”

हात त्यांचा होताच तसा. बत्तीस वर्षं हडपसरच्या एका कारखान्यात त्यांनी प्रेशर गेज दुरुस्त केली होती. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून श्वास रोखून बसवायची, हे त्यांचं रोजचं काम. अठ्ठ्याण्णव साली कंपनीने आकडे दाखवणारी परदेशी यंत्रं आणली. ती बिघडली की दुरुस्त करायची नसत, फेकून द्यायची असत. मग दुरुस्त करणाऱ्या माणसांनाही हार, नारळ आणि स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कुणाची होती ते कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून दिगंबरपंतांच्या मनाने एक गोष्ट पक्की धरली होती: हाताला काम आहे तोवर माणसाला जागा आहे.

तर या हातांना पुन्हा काम मिळालं. सलिल साधी जोडणी वापरायचा: एक शिसं, एक गळ, संपलं. तिथले कोळीही हातात नुसती दोरी धरून एकाच गळावर मासे काढतात, असं तो सांगायचा. दिगंबरपंतांना हे पटेना. “एका गळाने मासे धरणं म्हणजे देवळाबाहेर वाटी घेऊन बसण्यासारखं आहे. पडलं तर पडलं!” त्यांनी इंटरनेटवरून सलिलकडून आकृत्या काढून घेतल्या, त्यातल्या चुका काढल्या आणि स्वतःची जोडणी तयार केली. मुख्य दोरीला तीन फाटे, तिन्ही वेगवेगळ्या लांबीचे. प्रत्येक फाट्याच्या मुळाशी पीळ न पडू देणारी पितळी फिरकी, फिरकीच्या दोन्ही बाजूंना लाल मणी. फेकताना आमिष उडून जाऊ नये म्हणून एक चिमटा. शिसं मात्र मुद्दाम कच्च्या दोऱ्याला, म्हणजे ते खडकात अडकलं तर तेवढंच तुटावं आणि बाकीची जोडणी सहीसलामत परत यावी. गाठ घसरू नये म्हणून प्रत्येक गाठीवर मैत्रीच्या नेलपॉलिशचा एक थेंब. मग ती जोडणी खाचा पाडलेल्या पुठ्ठ्यावर गुंडाळायची आणि पुठ्ठ्यावर छापल्यासारख्या अक्षरात क्रमांक आणि तारीख घालायची.

या जोडणीबरोबर तेही जाऊ लागले. गाडीत पुढची सीट त्यांची. गुडघ्यांमुळे खडकांवर उतरता येत नसे, म्हणून ते वर सुरूच्या झाडांखाली घडीच्या खुर्चीत बसत. सलिल खाली उतरे, दोनअडीच तासांनी वर येई आणि अहवाल देई. “दोन खरवे. एक वरच्या गळाला, एक मधल्या.” दिगंबरपंत डायरीत लिहून घेत: जोडणी क्रमांक, गळ पहिला की दुसरा की तिसरा, आमिष कोणतं, भरती किती वाजताची. माशाच्या अंगाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. घरी मैत्री तो मोठ्या आवडीने रांधायची, तेवढा वेळ हे खाली बागेत फेऱ्या मारायचे. पण डायरीला त्यांच्या मासा पुरेपूर लागला होता.

मग आली ती दिवाळी. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते एकशे चौतिसावी जोडणी बांधायला बसले आणि तंगुसाचं टोक फिरकीच्या डोळ्यातून जाईना. त्यांना वाटलं चष्मा. चष्मा पुसला. मग वाटलं उजेड. टेबल खिडकीशी ओढलं. टोक भोकापाशी जायचं आणि डावीउजवीकडे नाचायचं. शेवटी त्यांनी दोरी खाली ठेवली आणि उजवा हात टेबलावर ठेवून नुसता पाहिला. हात आपला आपण कापत होता. जणू कुणी परकाच तिथे येऊन बसला होता.

त्यांनी धसका घेतला. आजाराचा नाही. आजाराचा विचार त्यांनी केलाच नाही, किंवा केला आणि लगेच बाजूला ठेवला. त्यांना दिसली ती गाडीची पुढची सीट. जोडणी आहे तोवर ती सीट आपली. जोडणी संपली की सलिल काय करील? तो वाईट वागणारा मुलगा नाही, “बाबा, तुम्ही आराम करा” म्हणेल. अठ्ठ्याण्णव साली मॅनेजरसाहेबही हेच म्हणाले होते, अगदी याच शब्दांत. आणि मग पुढचे सगळे रविवार सातव्या मजल्यावर.

या माणसाने मग काय करावं? मोठा मुलखाचा सरळ माणूस, बसचा कंडक्टर तिकीट द्यायला विसरला तर उतरल्यावर मागे धावणारा. त्याने रावसाहेबांकडे जातो म्हणून सांगितलं, खराडीहून मनपाची बस धरली आणि तिथून थेट बोहरी आळी गाठली. तिथे एका दुकानात, दोरखंड आणि ताडपत्र्यांच्या आड, तयार जोडण्यांची प्लास्टिकची पाकिटं टांगलेली होती. तीन गळांच्या, फिरक्यांसकट. दिगंबरपंतांनी एक उघडून पाहिली. फिरकी पितळेची नव्हती, गाठी ढिल्या, मणी तर लग्नाच्या तोरणातले वाटत होते. इतर वेळी त्यांनी दुकानदाराला अर्धा तास ऐकवलं असतं. त्या दिवशी मुकाट्याने चार पाकिटं घेतली.

घरी येऊन दार लावून घेतलं. पाकिटं फाडली, मणी बदलून लाल घालता येतात का पाहिलं, आले नाहीत. मग जोडण्या आपल्या पुठ्ठ्यांवर गुंडाळल्या आणि गाठींवर नेलपॉलिश लावलं. थेंब कुठला, चांगले ओघळ आले. क्रमांक घालायला पेन घेतलं आणि पहिलाच एक असा वाकडा आला की तो सात वाटू लागला. पुठ्ठा बदलला. तेव्हापासून क्रमांक घालायचे त्यांनी बंदच केले. सलिलने विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, “आता प्रमाणीकरण झालंय. सगळ्या सारख्याच असतात. नंबरची गरज नाही.”

“बरोबर आहे,” सलिल म्हणाला.

असे सहा महिने गेले. पाकिटं संपली की रावसाहेबांचं नाव सांगून पुन्हा बोहरी आळी. दर खेपेला दोनतीन पुठ्ठे द्यायचे, उजवा हात खिशात किंवा मांडीखाली ठेवायचा, चहा डाव्या हाताने प्यायचा. आणि गंमत बघा, बोहरी आळीच्या त्या भिकार जोडण्यांवर मासे लागत होते! सलिल वर यायचा, सांगायचा, हे लिहून घ्यायचे, आता जरा मोठ्या अक्षरात. मे महिन्यात त्यांनी बेरीज मांडली. सहा महिन्यांत एकवीस मासे, त्यातले बारा दुसऱ्या गळाला. सत्तावन्न टक्के. निष्कर्ष लक्षणीय होता. एकीकडे त्यांना मनातून लाज वाटत होती आणि दुसरीकडे त्या सत्तावन्न टक्क्यांचा आनंदही होत होता. माणसाचं मन एवढं काही नीटनेटकं नसतं.

मेच्या शेवटच्या रविवारी ते परत आले तेव्हा सलिलचा फोन वाजतच होता. ऑफिसात काहीतरी कोसळलं होतं. तो बॅग बाल्कनीत टाकून लॅपटॉपला चिकटला आणि सोमवारी सकाळी साडेसहालाच घराबाहेर पडला. आता समुद्रावरून आलेलं सामान त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर मीठ लोखंड खातं. हे काम सलिल दर वेळी स्वतः करायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्या दिवशी बॅग तशीच पडून होती आणि दिगंबरपंतांना ते बघवेना.

“बाबा, राहू द्या ना ते,” मैत्री ऑफिसला निघता निघता दारातून म्हणाली. “तो आला की धुईल.”

“मीठ त्याची वाट बघत थांबणार आहे का?”

“पण राहू द्या. खरंच.” ती दोन पावलं आतही आली, चप्पल न काढता. असं ती कधी करत नसे. मग तिला उशीर झाला होता म्हणून ती गेली.

दिगंबरपंतांनी बादली भरली. आधी काठी घेतली. काठीच्या दोरीला जोडणी तशीच होती. त्यांनी ती बोटात धरली. एक शिसं. एक गळ. गाठ गाढवाने मारलेली. त्यांना वाटलं, काल शेवटी जोडण्या संपल्या असतील. ठीक आहे. गळ धुतला, कपड्यांच्या दोरीला टांगला. मग बॅगेतला मोठा डबा उघडला.

आत त्यांचे पुठ्ठे होते. रबर लावून, एकावर एक. त्यांनी ते बाल्कनीच्या फरशीवर मांडले आणि मोजले. सव्वीस. सहा महिन्यांत त्यांनी सत्तावीस दिले होते. त्यांना खरंच कळेना. वापरून परत गुंडाळले असतील? त्यांनी एका पुठ्ठ्यावरची दोरी ओठाशी नेली आणि जीभ लावून पाहिली. अळणी. दुसरी. अळणी. समुद्रातून आलेली दोरी कितीही धुतली तरी गाठींपाशी खारटच राहते, हे त्यांना आता पक्कं ठाऊक होतं. सत्तर वर्षांचा शाकाहारी माणूस फरशीवर मांडी घालून बसला आणि त्याने सव्वीसच्या सव्वीस दोऱ्या चाटून पाहिल्या. एकही खारट नव्हती.

डब्याच्या तळाशी आणखी एक चपटी डबी होती. तिच्यात कापसावर तीन पुठ्ठे ठेवलेले होते. एकशे एकतीस, एकशे बत्तीस, एकशे तेहेतीस. छापल्यासारखे आकडे, टाचणीच्या डोक्याएवढे नेलपॉलिशचे थेंब. त्यांच्या हाताने बांधलेल्या शेवटच्या तीन. त्याही वापरलेल्या नव्हत्या.

दिगंबरपंत तिथेच बसून राहिले. आधी संताप आला. आपल्याला सहा महिने येडं बनवलं! मग आठवलं की येडं बनवायला सुरुवात कुणी केली होती, आणि संताप बसायला जागाच उरली नाही. त्यामागून आली ती जुनी भीती, आणि ती मात्र पुरी ऐसपैस बसली. मुलाला जोडणीची गरजच नव्हती. एका गळावर त्याचं भागत होतं. म्हणजे सहा महिने आपण पुढच्या सीटवर फुकट बसलो होतो. 

संध्याकाळी मैत्री आधी आली. जेवणाच्या टेबलावर सव्वीस पुठ्ठे ओळीत मांडलेले, त्यांच्या पुढे ते तीन, शेजारी डायरी, आणि खुर्चीत सासरे. तिने पर्स खाली ठेवली.

“तुला माहीत होतं,” दिगंबरपंत म्हणाले.

“पाकिटं सापडली होती. ओल्या कचऱ्यात, भाजीच्या देठांखाली. बाबा, ओल्या कचऱ्यात प्लास्टिक टाकलं की सोसायटीवाले पिशवी परत पाठवतात. तुमच्या पिशव्या तीनदा परत आल्या.”

“आणि त्याचं?”

“तो धुवायचा तेव्हा दिसायचं मला.”

“मग दोघांपैकी एकाला तरी सांगायचंस!”

“कुणाला सांगू? तो म्हणाला, बाबांना सांगू नकोस. तुम्ही काही म्हणालाच नाहीत, पण कचरा असा लपवत होतात की…” तिचा आवाज जरा ओला झाला. “मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले सहा महिने. का, ते त्यालाच विचारा.” आणि ती कुकर लावायला आत गेली. कुकर लावायला तिला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

सलिल आठ वाजता आला. टेबल पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. बूटही न काढता तो समोरच्या खुर्चीत बसला.

“या, सलिलराव,” दिगंबरपंत म्हणाले. उजवा हात मांडीखाली होता. “दुसऱ्या गळाला सत्तावन्न टक्के. या आकड्यांचा उगम कृपा करून सांगाल का?”

“बाबा…”

“बारा मासे दुसऱ्या गळाला. तुझ्या दोरीला दुसरा गळच नव्हता. हे कुठल्या कॉलेजात शिकलास?”

“तुम्ही विचारायचात, कुठल्या गळाला? मग काहीतरी सांगायला लागायचं. रोज पहिला कसा सांगू? तिसऱ्याला कमी लागतात असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून दुसरा.” सलिलने टेबलावरचा एक पुठ्ठा उचलला. “यातली एक वापरली होती. पहिलीच. मोठा मासा होता, गाठ सुटली. बघितल्यावर कळलं की ही तुमची नाही. तुमची गाठ सुटत नाही. आणि नंबर नव्हते. म्हणून तुमच्या शेवटच्या त्या तीन बाजूला ठेवल्या.”

“मी तुला फसवलं. ते झालं. त्याचं काय व्हायचं ते होऊ दे.” दिगंबरपंतांचा आवाज एकदम खाली आला. “मी विचारतो ते वेगळं आहे. तुला माझी जोडणी लागत नव्हती. एका गळावर भागत होतं. मग दर पंधरा दिवसांनी मला चारचार तास गाडीत घालून कोकणात कशाला नेत होतास? कीव म्हणून?”

आत स्वयंपाकघरात नळ बंद झाला. सलिलने हातातला पुठ्ठा उलटसुलट केला.

“मला मासे धरण्यात तेवढा रस नाही, बाबा,” तो म्हणाला. “खरं सांगू? आता खाण्यातही नाही. मैत्रीला आवडतात. आई गेल्यावर तुम्ही तिचं नाव पहिल्यांदा कुठे काढलंत, आठवतंय? ताम्हिणीच्या उतारावर. धुकं होतं. तुम्ही म्हणालात, आनंदीला गाडी लागायची, ती कनवटीला आवळासुपारी ठेवायची. मला माहीत नव्हतं. तिच्या पोटचा पोर मी, आणि मला माहीत नव्हतं. कंपनीने हार घालून पाठवलं त्या दिवशी तुम्ही घरी न येता संध्याकाळपर्यंत स्वारगेटच्या स्टँडवर बसून होतात, सोलापूरच्या गाड्या बघत. हे तुम्ही मला माणगावच्या फाट्यावर सांगितलंत. सोळा वर्षांनी. तेव्हा मी घरातच होतो ना? बावीस वर्षांचा होतो. तुम्ही आलात आणि म्हणालात, दिवा का जळतोय उगाच.”

दिगंबरपंतांनी टेबलावरचा एक पुठ्ठा उगाच ओळीत सरळ केला.

“घरी तुम्ही काय बोलता माझ्याशी? जेवलास का. किल्ली कुठाय. हं. गाडीत बसलात की चांदणी चौक सोडल्यावर बोलायला लागता, ते परत चांदणी चौक येईपर्यंत. आठ तास. मी खाली खडकावर जातो ते नुसतं वेळ काढायला. गळाला काही लागलं काय, न लागलं काय. गळ न बांधता नुसतं शिसं टाकून बसलोय मी कितीदा.” त्याने पुठ्ठा खाली ठेवला. “पण मासे धरायचे नाहीत म्हटलं असतं, तर तुम्ही कशाला आला असतात?”

आत कुकरची शिट्टी झाली आणि विरली. दिगंबरपंत डायरीकडे बघत होते, पण वाचत काहीच नव्हते. बापलेकांनी पाच वर्षं एकमेकांना समुद्रावर नेलं होतं आणि दोघांपैकी एकालाही समुद्राशी फारसं कर्तव्य नव्हतं. आणि ती पुढची सीट! तिच्यावर त्यांनी जोडण्यांच्या जिवावर जागा धरून ठेवली होती असं त्यांना वाटत होतं, आणि मुलगा ती जागा फक्त त्यांच्यासाठी राखून बसला होता.

त्यांना खूप काही म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि सवयीने आलं, “जेवलास का?”

सलिल हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले.

दिगंबरपंत उठले. “किल्ली घे,” ते म्हणाले.

“आत्ता? बाबा, आत्ता बायपासला ट्रॅफिक आहे. कुठे जायचंय?”

“घे म्हणतो ना.”

लिफ्टमध्ये दोघं आकड्यांकडे बघत उभे राहिले. खाली पार्किंगमध्ये गाडीवर अजून कोकणातली लाल धूळ होती. दिगंबरपंत पुढच्या सीटवर बसले, सवयीप्रमाणे पट्टा लावायला गेले आणि पट्ट्याची जीभ खाचेत जाईना. सलिल बघत होता. या वेळी त्यांनी हात मांडीखाली घेतला नाही.

“लाव,” ते म्हणाले.

सलिलने वाकून पट्टा लावला. मग त्याने गाडी सुरू करायला किल्ली घातली.

“नको. चालू नको करूस. नुसता बस.” समोर सिमेंटचा खांब आणि त्यावर पिवळा आकडा. दिगंबरपंतांनी त्या खांबाकडे, जणू तो ताम्हिणीचा रस्ता असावा तसं, नीट बघत म्हटलं, “हात कापतो रे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून. वाढतोय. डॉक्टरकडे गेलो नाही. घाबरलो.”

“उद्या जाऊ.”

“मला यापुढे काही बांधता यायचं नाही.”

“नाही तर नाही.”

“मग येत्या रविवारी…” ते थांबले. मनातलं विचारायला सत्तराव्या वर्षीही धीर लागतो. “येत्या रविवारी भरती किती वाजता आहे?”

“बघितली नाही,” सलिल म्हणाला. “भरती नसली तरी जाऊ.”

दिगंबरपंतांनी मान हलवली.  मग त्यांनी घसा साफ केला आणि, तुझी आई एकदा अशीच रुसून मंडईतून एकटी चालत घरी आली होती, तिथपासून सुरुवात केली. मैत्रीने वरून दोनदा फोन केला, जेवण गार होतंय म्हणून. दोघांनीही उचलला नाही.